मोज्यातला कांदा

“ताई, अडतीस गोल झाल्यावर एकोणचाळिसाव्यासाठी उडी काहून मारता तुम्ही?”

चिन्मयीने विचारलं खरं, आणि लगेच जीभ चावली. कल्पना तिची नव्हतीच. माया आणि गोपिका या तिच्यासारख्याच अकरावीतल्या, तिच्यासारख्याच राखीव बाकावरच्या. दामिनीताईला हे तोंडावर विचारून दाखव, मग आज बर्फाची पेटी आम्ही उचलतो, अशी त्यांनी पैज लावली होती. ती पेटी म्हणजे लोखंडाचा हंडाच. आता दोघी खिडकीआडून फिदीफिदी हसत होत्या.

दामिनीताई नागनदी क्लबची गोलकीपर. वय बत्तीस, सकाळी एका शाळेत पीटीच्या बाई. कपडे बदलायच्या खोलीत बसून ती बोटांना चिकटपट्टी गुंडाळत होती. ती रागावली नाही. रागावायलाही अंगात काही शिल्लक लागतं. महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा हा पहिलाच मोसम, आणि त्यात नागनदी अडतीस गोल खाऊन नऊच्या नऊ सामने हरली होती. फेब्रुवारीत पहिल्या सामन्याला ढोल वाजले होते, हारतुरे झाले होते. आता मे लागला होता. दहावा सामना संपला की मोसम संपणार, आणि दामिनीताईचा खेळही. तिच्या गुडघ्याने तिला तसं केव्हाच सांगून टाकलं होतं.

“माहीत नाही वं,” ती म्हणाली. “आतापर्यंत कोनी विचारलंच नाही. हे टोक ओढ जरा.”

चिन्मयीने टोक ओढलं. तिचाही हा शेवटचाच दिवस होता. घरी करार झाला होता, आणि करार तिनेच केला होता: एक मोसम खेळू द्या, मग जूनपासून नागपुरात धरमपेठचा क्लास, राहायला बेसा भागातल्या मावशीकडे, आणि बारावी होईपर्यंत फुटबॉलचं नाव नाही. खापरखेड्याहून दोन बस बदलून ती चार महिने सरावाला आली आणि एकूण अकरा मिनिटं खेळली. करार मोडायला काही कारण तरी हवं ना? अकरा मिनिटांच्या जोरावर बाबांपुढे काय बोलणार?

मैदानाला दिवे नव्हते, म्हणून सामना साडेचारला. पारा चव्वेचाळीसवर. नागपुरात अशा उन्हात कांदा खिशात घातल्याशिवाय कुणाची आई पोरीला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही. ऊन लागत नाही म्हणतात. पण फुटबॉलच्या चड्डीला खिसा कुठे असतो? म्हणून नागनदीच्या पोरींनी मोसमभर कांदा मोज्यात ठेवला होता, शिनगार्डच्या मागे. आतापर्यंत कुणा रेफ्रीने हात लावून पाहिलं नव्हतं. आजच्या रेफ्रीबाई बाहेरगावच्या होत्या आणि काटेकोर होत्या. त्यांनी रांगेत उभं करून एकेकीची नडगी दाबून पाहिली. पहिल्या मोज्यातून कांदा निघाला. दुसऱ्यातूनही निघाला. त्यांनी हिंदीतून विचारलं, ये सब्जी किसलिए. समोरचा संघ हसून हसून खाली बसला.

एकूण नऊ कांदे निघाले. सगळ्यांनी ते बाकावर बसलेल्या चिन्मयीच्या शर्टाच्या ओच्यात टाकले. दामिनीताईचा सगळ्यात लहान होता आणि मोज्यात राहून राहून गुळगुळीत झाला होता.

“सांभाळ,” ती म्हणाली. “माझ्या आईले हिशेब द्या लागते त्याचा.”

मध्यांतरापर्यंत तीन गोल झाले. नंतर चौथा. पासष्टाव्या मिनिटाला दामिनीताई गोलच्या खांबाला धरून उभी राहिली आणि हळूहळू खालीच बसली. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते, ओठ पांढरे. स्ट्रेचरवर घालून तिला सावलीत आणलं. माया पुटपुटली, कांदा काढला म्हणूनच.

आता गोलात कोण? दुसरी गोलकीपर लग्न ठरलं म्हणून तिसऱ्या सामन्यानंतर गेली ती गेलीच. अंकुश सर, म्हणजे त्यांचे कोच, बाकापुढे उभे राहिले. नेहमी ओरडून बोलणारा माणूस, पण आज त्यांचा घसाही बसला होता. हातमोजे कोण घालतं, एवढंच त्यांनी विचारलं. गोपिका बुटाची नाडी बांधू लागली, जी बांधलेलीच होती. मायाला एकदम तहान लागली.

चिन्मयीच्या ओच्यात नऊ कांदे होते आणि समोर ती बाई पडली होती, जिला तिने दोन तासांपूर्वी तो प्रश्न विचारला होता. तिने कांदे बाकावर ओतले आणि उभी राहिली.

दामिनीताईचा पिवळा शर्ट घामाने पिळून काढावा इतका ओला होता आणि चिन्मयीच्या गुडघ्यापर्यंत येत होता. हातमोजे आतून गरम. गोलपोस्टमध्ये जाऊन उभं राहिल्यावर तिला पहिल्यांदा कळलं, की हा दरवाजा बाकावरून दिसतो त्याच्या दुप्पट रुंद आहे.

पाचवा गोल लांबून आला. चिन्मयीला तो येताना दिसला, आणि तिच्या मनात आलं, राहू दे. चार झालेच आहेत, पाचवा झाल्याने काय मोठं बिघडणार? ती उभीच राहिली. चेंडू दोनदा टप्पा घेत, काही घाई नसल्यासारखा, तिच्या डावीकडून आत गेला. फार वेळ लागला त्याला. तेवढा वेळ ती नुसती बघत होती. मग वळून, जाळीत वाकून तो काढावा लागला, आणि ती परत वळली तेव्हा सगळ्या जणी तिच्याकडे पाठ करून मधल्या रेषेकडे चालू लागल्या होत्या. पाय एकाएकी शिशाचे झाले.

सहाव्याला तिने उडी मारली. कुठे मारावी हे माहीत नव्हतं, तरी मारली. बोटांची टोकं चेंडूला लागली आणि चेंडू तरीही आत गेला. कोपर मैदानाच्या मुरमावर घासून निघाला. पण उठताना ती पटकन उठली. तिचं तिलाच नवल वाटलं.

शेवटच्या मिनिटांत एक चेंडू सरळ पोटावर बसला आणि तिथेच अडकला. श्वास बंद. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण मैदानात जेमतेम चाळीस माणसं होती आणि सगळ्यांच्या हातात पुठ्ठे होते, वारा घ्यायला. सामना संपला. चिन्मयीने हिशेब केला तर मोसमाचे गोल चव्वेचाळीस. पारा आणि पराभव एकाच आकड्यावर येऊन थांबले होते.

ती हातमोजे परत द्यायला गेली तेव्हा दामिनीताई तोंडावर ओला रुमाल घेऊन पडली होती. रुमालाखालूनच म्हणाली, “ठेव तुले. धुऊन घेजो पण, वास मारतात.”

बर्फाची पेटी माया-गोपिकांनीच उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा वीज केंद्राची रात्रपाळी करून आले आणि खुर्चीत नुसते टेकले, बूटही न काढता. आई ओट्याशी उभ्याने चहा पीत होती. तिलाही नळ येतो म्हणून चारला उठावं लागतं. चिन्मयीचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. तिघांत मिळून एका माणसाएवढीही ताकद नव्हती.

आईने धुवायला म्हणून तिची बॅग उपडी केली. हातमोजे पडले, आणि त्यांच्या मागून घरंगळत एक लहानसा गुळगुळीत कांदा. बाकावर ओतताना तेवढा एक बॅगेत पडला असावा.

“हा कोनाचा वं? आपल्या घरचा तर नाही.”

“दामिनीताईचा.”

बाबांनी तिच्या कोपराकडे पाहिलं. सहा गोल झाले आणि शेवटी गोलात चिन्मयी होती, हे त्यांना पाळीवरच कळलं होतं, मोबाईलवर. “हरूनच राहिले होते नं तुम्ही,” ते म्हणाले, रागाने नाही, दमलेल्या आवाजात. “मग उडी काहून मारली?”

“एकाले नव्हती मारली, बाबा. उभं राहून पाहिलं. त्यानंच जास्त थकाले होते.”

बाबांनी एक बूट काढला आणि हातातच धरून ठेवला. आईने कप खाली ठेवला. चिन्मयीने कांदा उचलला, हातमोज्यात घातला आणि हातमोजा मांडीवर घेतला.

“ऐका नं दोघंही. धरमपेठच्या क्लासले जाईन. मावशीकडे राहीन. पेपर देईन, सगळं करीन. पण फुटबॉल सोडून नाही राहिली मी. दामिनीताई आता खेळणार नाही. पुढच्या मोसमात गोलात मी उभी राहीन.”