नव्या मीटरची साक्ष

पेडण्याच्या बाजारात मायक-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गोकुळदासाचं सकाळपासून कामात लक्ष नव्हतं. ते लेकीला कळू नये म्हणून तो उगाच कपाळाला आठ्या घालून बसला होता. सिद्धी फोंड्याहून नवा मीटर घेऊन आली होती. तळहातावर मावेल एवढासा. सुटा भाग त्याच्या खाचेत बसवायचा, बटण दाबायचं, की हा पठ्ठ्या पडद्यावर त्या भागाचं चित्र काढतो आणि खाली ठसठशीत आकडा लिहितो. पसंत नसेल तर दुकानदार परत घेणार होता.

गोकुळदासाला तो बघताक्षणी आवडला होता. का, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. रेझिस्टर म्हणजे वीज अडवणारा चिमुकला भाग; त्याचं माप अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखायचं असतं, आणि गेल्या पावसापासून तपकिरी, तांबडा, नारिंगी हे पट्टे त्याला एकाच आईची लेकरं दिसायला लागले होते. भलताच भाग बसून जत्रेत ऐन काल्याच्या नाटकात मायक मुका झाला, तर इतक्या वर्षांचं नाव मातीत जायचं. त्यापेक्षा दिवाळीनंतर दुकानाला कुलूप लावायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. ठरवल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. हा मीटर खरा निघाला तर कुलूप लावायची गरज नव्हती.

पण परीक्षा ती परीक्षा. त्याने देवाच्या फळीवरून साक्षीदाराला खाली काढलं. साक्षीदार म्हणजे त्याने दुरुस्त केलेल्या पहिल्या रेडिओतला एक जाडसर रेझिस्टर, दहा हजार ओहमचा. दुकानात आलेल्या प्रत्येक मीटरला आधी याच्यासमोर उभं राहावं लागे. दर खंडेनवमीला सोल्डरिंगच्या कैयेसोबत, पक्कडीसोबत त्याचीही पूजा होई.

गोकुळदासाने साक्षीदाराचे तारेचे दोन्ही पाय खाचेत बसवले आणि श्वास रोखून बटण दाबलं.

पडद्यावर नुसतं प्रश्नचिन्ह उमटलं. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. एवढ्या गाजावाजाने आलेल्या पाहुण्याला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. गोकुळदासाला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

"हो मीटर कामाचो न्हय," तो मान वळवून म्हणाला. "परत व्हर. साक्षीदार खोटें सांगचो ना."

सिद्धीने साक्षीदार उजेडात धरला. मग बापाकडे पाहिलं.

"बाबा, हाच्या पांयांक कुंकूम कोणें फासलां?"

"हांवें. खंडेनवमीक. पूजा केल्ली मगो."

"सदां तूं पोटार लायता. आतां पांय भरून तेल-कुंकूम सुकलां. वीज आंत कशी येतली?" ती थांबली. आवाज खाली आला. "तुका हें तांबडें दिसलें ना?"

तिने ब्लेडने दोन्ही पाय खरवडून लखलखीत केले, रेझिस्टर खाचेत बसवला आणि बापाचं बोट धरून बटणावर टेकवलं.

दहा हजाराच्या अगदी जवळचा आकडा उमटला. काळा, मोठा, स्वच्छ. गोकुळदासाने तो वाचला, पुन्हा वाचला आणि आनंदाने त्याचे कान गरम झाले. त्याने वर्षभर हात न लावलेला, सरमिसळ झालेल्या भागांचा डबा टेबलावर पालथा केला. एकेक उचलून खाचेत घालायचा, आकडा मोठ्याने वाचायचा, पुढचा घ्यायचा. शेजारचा पोदेर पाव विकायचं सोडून दारात येऊन उभा राहिला, तरी याचं आपलं वाचन चालूच.

"दोळे दाखोवंक दाक्तराकडेन पूण वचपाचें," सिद्धी भाग निवडता निवडता म्हणाली.

"वचूंया," तो म्हणाला. जायला इतक्या सहज तयार झाला, की तिने हातातलं काम थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

डबा संपल्यावर त्याने नवा मीटर देवाच्या फळीवर साक्षीदाराशेजारी ठेवला आणि कुंकवाचा करंडा सिद्धीच्या हातात दिला.

"तूं लाय," तो म्हणाला. "पोटार लाय. खांचेच्या तोंडार लायनाका."