चोवीस अंशांची सुरत

मित्रांनो, मी सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका कापडगिरणीतला जुना तापमापक आहे, आणि तुम्हा माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी रुसायला नको. बावीस वर्षं मी तुमची थंडी, तुमचा उकाडा आणि तुमची कुरकुर सोसली आहे. जानेवारीत तुम्ही माझ्याकडे बघून हात चोळता, मे महिन्यात माझ्याकडे बघून मलाच शिव्या घालता. जणू ऊन मीच पाडतो!

आधी माझी ओळख करून देतो. दीड वीत लांबीची लाकडी पट्टी, तिच्यावर काचेची बारीक नळी, खाली फुगीर गोळा, वरच्या टोकाला एक इवलीशी पोकळी आणि आत लाल रेघ. त्या रेघेला सगळे पारा म्हणतात. तो पारा नाही, रंगवलेलं स्पिरिट आहे. पण बावीस वर्षांत एकानेही ते विचारलं नाही. माझ्यावर शून्याखाली दहापासून वर पन्नासपर्यंत आकडे आहेत. शून्याखालचे आकडे सुरतेत कुणाच्या उपयोगाचे, हे मला अजून कळलेलं नाही. माझा जन्म अंबाल्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने मला आधी बर्फात, मग कोमट पाण्यात बुडवून माझ्यावर खुणा केल्या. माझ्या शेजारच्या तापमापकाची खूण केसभर वर गेली, तर त्याने तो तिथल्या तिथे मोडून टाकला. मला मनापासून आवडलेला तो पहिला माणूस.

दुसरा माणूस म्हणजे निंबा. अमळनेरकडचा, उधन्यात एका खोलीत राहणारा, गिरणीत स्टेंटरवर काम करणारा. स्टेंटर म्हणजे धुऊन रंगवलेलं कापड गरम हवेत ताणून वाळवणारं लांबच लांब यंत्र. मला त्याच यंत्राजवळच्या खांबावर टांगलं होतं. दर दोन तासांनी निंबा यायचा, आधी हाताचा पंजा उलटा करून हवेत धरायचा, आकडा मनाशी ठरवायचा आणि मगच माझ्याकडे बघायचा. त्याचा अंदाज एखाद्या अंशाने चुकला तर चुकायचा. मग तो रजिस्टरमध्ये आकडा लिहून खाली सही करायचा. गिरणीत पाहुणे आले की मॅनेजर भूपेंद्रभाई मला अभिमानाने दाखवायचे आणि म्हणायचे, आमच्याकडे सगळं मोजून-मापून असतं. ते माझे मानाचे दिवस होते.

दोन वर्षांपूर्वी खात्यातले दोन्ही एक्झॉस्ट पंखे बंद पडले. आत सत्तेचाळीस अंश होऊ लागले. यंत्राच्या तोंडाशी वाकून कापड सरळ करणारा रामदास एका दुपारी चक्कर येऊन पडला. निंबाने रजिस्टर उघडून भूपेंद्रभाईंपुढे धरलं आणि पंखे दुरुस्त करायला सांगितलं. भूपेंद्रभाईंनी आकडे वाचले, गंभीर चेहरा केला आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केली. पंख्यांची नव्हे, माझी. मला खांबावरून काढून दाराशी, थंड पाण्याच्या टाकीशेजारी टांगलं. तिथे तेहतीस अंश होते. खातं एका रात्रीत चौदा अंशांनी थंड झालं!

मित्रांनो, मी त्या टाकीशेजारीही खरंच बोलत होतो. तिथे तेहतीसच होते. पण तेहतीस अंशांत कुणीच काम करत नव्हतं, तिथे फक्त प्लास्टिकचा पेला साखळीने बांधलेला होता. निंबाला हुकूम होता की टाकीपाशी दिसेल ते लिहायचं. तो लिहायचा. लिहिताना माझ्याकडे बघायचा नाही. मला त्याचा राग यायचा, आणि रामदास दुसऱ्यांदा पडला तेव्हा तर फारच आला. त्या वेळी डॉक्टरांनी रामदासला बजावून सांगितलं की तिसऱ्यांदा असं झालं तर उठशीलच याची खात्री नाही. चार दिवसांनी तो पुन्हा त्याच यंत्राच्या तोंडाशी उभा होता, कारण उभं राहायला दुसरी जागा नव्हती.

अशात जूनची पाच तारीख आली, पर्यावरण दिन. गिरणीने भाषणांची स्पर्धा ठेवली. विषय काय, तर 'आपल्या सुरतेची आदर्श बारमाही हवा कशी असावी?' कार्यक्रम वरच्या मजल्यावरच्या वातानुकूलित हॉलमध्ये. मला धुऊनपुसून व्यासपीठावर नेलं आणि माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. हॉलमध्ये बरोबर चोवीस अंश होते. त्या चोवीस अंशांसाठी भिंतीमागचं यंत्र जी गरम वाफ ओकत होतं, ती मागच्या बोळात गाठोडी चढवणाऱ्या हमालांच्या तोंडावर जात होती. पण बोळात तापमापक नव्हता, तेव्हा तो प्रश्नच आला नाही.

मग एकेक जण उठला आणि हवेची मागणी नोंदवू लागला, जशी काही हॉटेलात थाळी मागवतोय. डिझाइन करणाऱ्या एकाला बारा महिने पोंकाच्या, म्हणजे हुरड्याच्या, दिवसांतली थंडी हवी होती, पण पहाटे गरम पाण्यावाचून अंघोळ करता यावी एवढीच. विक्री खात्यातल्या एकाला वारा हवा होता, तो फक्त उत्तरायणाला, पतंगापुरता. दुसऱ्या दिवशी तारांवर वाळत घातलेले कपडे उडता कामा नयेत. एकाने सांगितलं की पाऊस रात्री दोन ते चारमध्ये पडावा आणि ऑफिसच्या वेळेआधी रस्ते वाळावेत. त्याच्यावर ताण म्हणून पुढच्याने पाऊस शहरात नकोच म्हटलं. तो परस्पर उकाई धरणावर पडावा, नळाला पाणी यावं आणि तापीनेही आपली पायरी सोडू नये. या वाक्याला सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या. एका बाईंना झाडं हिरवीगार हवी होती, पण पानं गळणारी आणि पक्षी बसणारी नकोत, गाडी खराब होते.

शेवटी भूपेंद्रभाई उठले. "मला तर बारा महिने हेच हवं," असं म्हणून त्यांनी हातातला रिमोट उंच धरला. हॉल हसला. मी कपाळाला हात लावला असता, पण मला हात नाहीत. तुमची ही आदर्श हवा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट कळलं. ज्या हवेत तुम्हाला काहीही सोसावं लागत नाही आणि ती कशी येते ते विचारावंही लागत नाही, ती तुमची आदर्श हवा. आकाशाने तुमच्याकडे नोकरीला राहावं, एवढंच तुमचं म्हणणं असतं.

आता कामगारांमधून कुणीतरी बोलावं, असं प्रमुख पाहुण्यांनी सुचवलं. ते एका कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक होते आणि मघापासून शाल अंगाभोवती घट्ट घेऊन बसले होते. सगळ्यांनी निंबाला पुढे ढकललं. निंबा माइकसमोर गेला आणि म्हणाला, "साहेब, मेरेको बारा महिने का नहीं मालूम. आप पाँच मिनिट मेरे खाते में चलो."

एवढं बोलून त्याने माझ्या गळ्यातली माळ काढली आणि मला उचलून सरळ जिना उतरला. पाहुण्यांना मागे राहणं बरं दिसेना. त्यांच्यामागे भूपेंद्रभाई आणि त्यांच्यामागे निम्मा हॉल. निंबाने मला रामदास वाकतो तिथे, थेट यंत्राच्या तोंडाशी धरलं.

मित्रांनो, तिथली हवा मला ठाऊक नव्हती. मी खांबावर राहिलो होतो, टाकीशेजारी राहिलो होतो, पण रामदासच्या जागी कधी उभा राहिलो नव्हतो. माझी रेघ चाळीसवरून पन्नासवर धावली आणि पन्नासच्या पुढे आकडा नसल्याने वरच्या पोकळीत जाऊन आदळली. काच तडकणार असं मला वाटलं. रामदास तिथे दिवसाला बारा तास उभा राहतो म्हणजे काय, हे मला बावीस वर्षांनी कळलं. दुसऱ्यांना नावं ठेवायला मी पुढे, पण माझीही अक्कल खांबापुरतीच होती.

पाहुण्यांनी शालीने तोंड पुसलं आणि "अरे बापरे, बहुत गर्मी है" एवढा अभिप्राय दिला. "थई जशे, निंबाभाई, बधुं थई जशे," भूपेंद्रभाई त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. होऊन जाईल म्हणे, सगळं होऊन जाईल! मग सगळे आइसक्रीम खायला वर गेले. पहिलं बक्षीस उकाईवर पाऊस पाडणाऱ्याला मिळालं. निंबाला उत्तेजनार्थ एक छत्री मिळाली.

माझी रेघ मात्र तुटली होती. तिचा एक तुकडा वरच्या पोकळीतच अडकून बसला, आणि मी दहा अंश कमी दाखवू लागलो. सत्तेचाळीस असले तर सदतीस. दोन दिवस मी भूपेंद्रभाईंच्या टेबलावर पडून होतो, तिथे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना इतका आनंद झाला की सोमवारी रात्री त्यांनी स्वतः स्टुलावर चढून मला पुन्हा माझ्या जुन्या खांबावर टांगलं. आता कुणी म्हणायला नको की तापमापक चुकीच्या जागी आहे! बुधवारी कारखाना तपासायला सरकारी बाई येणार होत्या. खरं बोलत होतो तेव्हा मला खोट्या जागी ठेवलं, आणि खोटं बोलू लागताच खरी जागा परत दिली. मला इतकी लाज वाटली की त्या म्हाताऱ्या कारागिराने तेव्हा मलाच मोडायला हवं होतं, असं वाटून गेलं.

मंगळवारी निंबा आला. त्याने सवयीप्रमाणे पंजा उलटा करून हवेत धरला आणि माझ्याकडे बघितलं. सदतीस. त्याने पुन्हा पंजा धरला, पुन्हा बघितलं, मग पार माझ्या टोकाशी नाक नेऊन तो अडकलेला लाल ठिपका पाहिला. पाळी सुटल्यावर त्याने मला डब्याच्या पिशवीत घातलं आणि घरी नेलं.

घरी त्याची बायको भागीरथी भाकरी थापत होती. ती उधन्यातल्या एका दवाखान्यात आयाचं काम करते.

"हाई काय लई उनात?" तिने विचारलं.

निंबाने सगळी हकीकत सांगितली. तिने पिठाचे हात पुसले, मला दिव्याखाली धरलं आणि हसली. "डाक्टर थर्मामीटर झटकस ना, तसं झटकी दखा."

"आनी हाऊ फुटी गया तं?"

"आते तरी हाऊ कोठे खरं बोली ऱ्हायना?"

मित्रांनो, इतक्या थोडक्यात माझं मोल कुणी केलं नव्हतं. निंबाचा हात धजेना, म्हणून तिनेच मला वरच्या टोकाला धरलं आणि सणसणीत झटका दिला. एक, दोन, तीन. तिसऱ्या झटक्याला वरचा तुकडा खाली आला आणि रेघ सांधली गेली. त्या खोलीत पस्तीस अंश होते. मी पस्तीस दाखवले, आणि कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं.

बुधवारी सकाळी निंबाने मला गुपचूप खांबावर अडकवलं. अकराच्या सुमारास तपासणीच्या बाई आल्या. भूपेंद्रभाई हसतमुखाने त्यांना थेट माझ्यासमोर घेऊन आले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "देखिए मॅडम, सैंतीस." बाईंनी चष्मा वर केला. मी सत्तेचाळीस दाखवत होतो.

बाईंनी रजिस्टर मागवलं. दोन वर्षांचे तेहतीस आणि कालचे सदतीस त्यांनी पानं उलटून बघितले. "ये सही किसकी है?" त्यांनी विचारलं. सही निंबाची होती. भूपेंद्रभाईंनी लगेच त्याच्याकडे बोट केलं. निंबाचा चेहरा उतरला. नोकरी जाणार हे त्याला दिसत होतं, मलाही दिसत होतं.

"मॅडम, मेरी है," तो म्हणाला. "जो दिखा वो लिखा. कहाँ दिखा, ये किसीने पूछा नहीं."

बाईंनी मग तेच विचारलं. निंबाने टाकीशेजारचा खिळा दाखवला. रिकामा खिळा आणि भिंतीवर माझ्या आकाराचा दोन वर्षांचा स्वच्छ पट्टा. बाईंनी त्याचा फोटो काढला, रामदासला बोलावून चार प्रश्न विचारले आणि पंखे चालू होईपर्यंत यंत्र बंद ठेवायचा लेखी आदेश दिला. दोन वर्षं जे होत नव्हतं, ते तीन दिवसांत झालं. निंबाची नोकरी राहिली, पण भूपेंद्रभाई त्याच्याशी अजून बोलत नाहीत. त्याचं निंबाला फारसं दुःख नाही.

पंखे सुरू झाले त्या दुपारी निंबाने मला खांबावरून काढून पुन्हा यंत्राच्या तोंडाशी धरलं. या वेळी माझी रेघ अडतीसवर थांबली. रामदासने वाकून आकडा वाचला, गळ्यातल्या रुमालाने मान पुसली आणि ओरडला, "काश्मीर शे भो, काश्मीर!"

मित्रांनो, तुमच्या चोवीस अंशांच्या शहरात एक माणूस अडतीसला काश्मीर म्हणतो. आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं, तर मी एवढंच मागतो. माझी काच पुसू नका, मला माळ घालू नका, मला जपूही नका. फक्त टांगाल तेव्हा जिथे माणूस उभा आहे तिथे टांगा, आणि मगच हवेविषयी बोला.