पुठ्ठ्याच्या फोनची परीक्षा

मी एक जुना फोन आहे असं म्हटलं, तर मित्रांनो, तुम्ही आधी माझी बॅटरी शोधाल. शोधू नका. मी पुठ्ठ्याचा आहे. बुटांच्या खोक्याचं झाकण कापून बडनेऱ्याच्या मोनालीताईने मला घडवलं. माझे पडदे कागदाचे. कुणी बोटाने दाबलं की ताई एक कागद काढायची, दुसरा सरकवायची. तेवढ्यात माझा डोळा लागायचा आणि आपण खरोखर उजळलो आहोत, असं स्वप्न पडायचं.

ताई आणि तिचा सोबती धर्मेंद्र फुलं पिकवणाऱ्यांसाठी ॲप बनवत होते. संध्याकाळी फोनवर कळवायचं, पहाटे गाडी शेतातून फुलं उचलून अमरावतीच्या बाजारात नेणार. पण खरं ॲप बनवण्याआधी मला लोकांच्या हाती देऊन बघायचं, हा ताईचा हट्ट. लोकांनी मनात येईल ते बोलत बोलत मला वापरायचं. ताईने नुसतं पाहायचं, मदत करायची नाही. सगळे म्हणायचे, "लय सोपं हाये!" मी भलताच फुशारलो.

मग गोदाबाई आल्या. त्यांचं शेत आडवाटेला. फुलं नेणारा जीपवाला फिरकला नाही की तोडलेला झेंडू बांधावरच सुकायचा. ही गाडी त्यांना हवीच होती. त्यांनी झेंडूचं चित्र दाबलं, गाव निवडलं. पुढच्या पडद्यावर मी विचारलं, 'उद्या किती किलो फुलं?' त्यांचं बोट माझ्यावर अधांतरी थांबलं. त्याला झेंडूचा वास येत होता. त्या वासात मी किती वेळ तरंगलो कोण जाणे. शेवटी त्यांनी शून्य दाबलं. मी म्हणालो, 'गाडी येणार नाही.'

धर्मेंद्र सांगायला पुढे सरसावला. ताईने त्याला डोळ्यांनीच थांबवलं.

"मले नाई जमत पोरी," गोदाबाई उठल्या. "अडाणी बाईले काहून बसवलं तू?"

"परीक्षा तुमची नाई मावशी, या फोनची हाये. बोट थांबलं तवा मनात काय आलं, तेवढं सांगा."

गोदाबाई परत खाली टेकल्या. "फुलं अजून झाडावर हायेत. न तोडलेल्या फुलायचा आकडा सांगते काय कोनी? नजर लागते."

आधीची मंडळीही तिथे येताच बोलणं थांबवून गुपचूप कमीजास्त आकडा का दाबायची, हे तेव्हा आम्हाला उमगलं. ताईने माझा तो देखणा पडदा टराटरा फाडला. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? नव्या कागदावर तिने लिहिलं, 'गाडीत किती टोपल्यांची जागा ठेवू?'

"हे बराबर हाये. रिकाम्या टोपलीले कायची नजर?" गोदाबाई हसल्या आणि त्यांनी झटकन चार दाबलं. गाडी येणार होती.

आता खरं ॲप लोकांच्या फोनवर चालतं आणि मी ताईच्या खणात पडून असतो. माझे कोपरे मऊ पडलेत. अर्धवट झोपेत मला धुक्यातून येणारी गाडी दिसते, तिचे दिवे माझ्या कागदावर पडतात आणि मला फार बरं वाटतं.

मित्रांनो, घरात कुणाचं बोट फोनवर अडलं, तर 'एवढंही येत नाही?' असं म्हणू नका. शेजारी बसा, विचारा, ऐका. त्या दिवशी गोदाबाईंना कुणी थांबवलं नसतं, तर मी अजूनही स्वतःला हुशार समजत असतो, आणि त्यांचा झेंडू बांधावर सुकत असता.