हरण्याला विचारायचं ते

“आंघोळ झाली की आरती होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, सुचिता. कोणी बोलावलं तरी नाही.” आईचा हा आवाज लग्नाच्या आधीपासून माझ्या कानात आहे. चातुर्मासात मी हे मौन पाळते. सासरी सौंसरला आल्यावरही एक दिवस चुकवलं नाही. पूजेत कोणी हाक मारली तर घंटी वाजवते. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, घंटी वाजली म्हणजे ऐकलं, आरती झाली की येते.

आषाढी होऊन पाचवा दिवस होता. मी देवापुढे बसले होते. मागे कोठ्यात हे आमच्या बैलाला, हरण्याला, कडबा टाकत होते.

“आयकून राहिली का वं?”

मी घंटी वाजवली. पुन्हा हाक आली. पुन्हा वाजवली. मग हे हळू आवाजात काहीतरी बोलले, चार-पाच शब्द. मला की हरण्याला, ते कळलं नाही. आरती करून, तीर्थ घेऊन मी गेले, तेव्हा हे गव्हाणीला टेकून बसले होते आणि हरण्या त्यांचा हात चाटत होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. तेरवी झाली. हाकेचं मी कोणाला सांगितलं नाही. मौनही सोडलं नाही. सोडलं असतं तर का सोडलं, ते सांगावं लागलं असतं. रोज फुलं तोडते, दिवा लावते, स्वयंपाक करते. जेवलात का विचारलं तर आठवून सांगावं लागतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्या दिरांची शिवानी पांढुर्ण्याहून आली. तिथे कॉलेजात शिकते. मी वाती वळत होते. ती मोबाइल घेऊन शेजारी बसली.

“मोठ्याई, आमच्या ग्रुपवर एक प्रश्न आला. देव पावला अन् म्हणला, जगातल्या साऱ्या माणसाच्या भाषा घे, नाहीतर जनावराशी बोलाचं घे. दोन्हीतून एकच. तू काय घेशीन?”

“तू काय घेतलं?”

“भाषा! जपानी, जर्मन, तमिळ, फटाफट. जनावराचं कोन घेते? डास कानापाशी येऊन काय काय म्हणते, तेबी सारं समजन. झोप लागन का मग?”

मी हसायला हवं होतं.

“जनावराचं,” मी म्हणाले.

“एवढ्या लौकर? अन् बोलशीन कोनाशी?”

“हरण्याशी. एकच गोष्ट विचाराची हाय.”

आणि मी तिला सांगून टाकलं. दोन हाका, दोनदा घंटी, ते चार-पाच शब्द. भाजीचा भाव सांगावा तसा माझा आवाज निघत होता. शिवानीनं मोबाइल पालथा ठेवला.

“काही मोठं नसतीन बोलले मोठेबाबा. ‘सरक तिकडं’ म्हणले असतीन बैलाले.”

“असन.”

“मंग कायले विचारतं?”

“‘सरक’ म्हणले असतीन, तर ते त्याच्याशी बोलून राहिले होते. मले बोलवून नव्हते राहिले. तेवढंच पाहिजे.”

ती उठून चहा ठेवायला गेली. साखर दोनदा टाकलेली होती. आम्ही दोघींनी तो चहा पिऊन टाकला.

सांजेला गल्लीत घरोघरी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावणं चाललं होतं. ते झालं की मालकानं बैलाच्या कानाशी आवतन द्यायचं, दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं. यंदा आमच्याकडे सण नाही. घरातलं माणूस गेलं की वर्षभर कढई चढत नाही, पुरण होत नाही. तेव्हा आवतनही नाही, असं दिरांनी मला आधीच सांगितलं होतं.

तरी मी तुपाची वाटी घेऊन कोठ्यात गेले. हरण्याचा खांदा चोळला. शिवानी दाराशी उभी होती. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“काय म्हणले होते रे ते?”

त्यानं कान हलवला. माशी होती. मी थांबले. तो रवंथ करत राहिला. मी आणखी थांबले. तोंड कानाशी होतंच. दुसरं काही सुचेना, म्हणून दरवर्षी ह्यांच्या तोंडून ऐकलेलं तेच निघालं.

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

“मोठ्याई!” शिवानी कुजबुजली. “हे काय केलं? घरी पुरण होत नाही. बाबा रागावतीन.”

“आपल्या घरी होत नाही.”

“मंग?”

“त्याले बोलावलं ना मी. आता पाठ कशी फिरवू?”

शिवानीनं वाटी माझ्या हातातून घेतली.

सकाळी पूजा आटोपून मी चण्याची डाळ निवडली, गूळ चिरला, दोन्ही एका डब्यात भरलं. शेजारी शांताबाईंकडे सण होता, त्यांच्या चुलीवर पुरण शिजणारच होतं. दीर ओसरीत पेपर वाचत बसले होते. मी डबा पदराखाली घेतला, चपला हातात घेतल्या आणि मागच्या दारानं शांताबाईंच्या घराकडे निघाले.