पुलापलीकडून आलेला फोन

मी एक जुना काळा टेलिफोन आहे. हसू नका मित्रांनो! मला नंबर फिरवायची तबकडी नाही हे खरं, पण त्यात माझी काही चूक नाही. मला बोलायचंच एकाशी होतं. माझा रिसीव्हर उचलला की नदीवरच्या पुलापलीकडे, शेजारच्या देशाच्या चौकीत, माझा जुळा भाऊ वाजायचा.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून निघालो. अमली पदार्थांची तस्करी थांबवायची असेल तर दोन्ही चौक्यांनी एकमेकांशी थेट बोललं पाहिजे, असं तेव्हा दोन्ही सरकारांनी ठरवलं होतं. मोठमोठे पाहुणे आले, फीत कापली, टाळ्या झाल्या. सुरुवातीला मला श्वास घ्यायला फुरसत नसे. खोट्या नंबराची गाडी तिकडून निघाली की इकडे मी खणखणलोच! गाडी पूल उतरायच्या आत शिपाई रस्त्यावर हजर. काय कौतुक व्हायचं माझं!

मग आमच्या चौकीत नवे साहेब आले आणि माझे दिवस फिरले. "पलीकडच्यांशी बोलायचं असेल तर आधी राजधानीला विचारा," असा त्यांनी हुकूम काढला. राजधानीहून उत्तर येईपर्यंत ट्रक कुठल्या कुठे पसार! माझ्यावर लोक चहाचे कप ठेवू लागले. एकाने तर ओला रुमाल वाळत घातला. असा संताप आला म्हणून सांगू! पण ओरडणार कसा? मला ओरडायलासुद्धा पलीकडून कुणीतरी लागतं.

पुढे चौकीत एक मॅडम बदलून आल्या. त्यांनी आल्या आल्या मला पुसलं, तार ओढून पाहिली आणि रिसीव्हर उचलला. पलीकडून एका वयस्कर हवालदाराचा घोगरा आवाज आला. तेव्हापासून रोज सकाळी लाइन तपासायच्या निमित्ताने दोघं बोलू लागले. मॅडम त्यांना काका म्हणायच्या. काकांचे गुडघे, मॅडमच्या लेकीचा खोकला, सगळं माझ्या तारेतून जायचं. पण एकमेकांचं तोंड दोघांनीही पाहिलं नव्हतं.

साहेब मनातून धुमसत होते. का, ते मला एका दुपारी कळलं.

त्या दुपारी मी अवेळी वाजलो. मॅडमनी मला उचललं.

"मॅडम, नुसतं ऐका," काका कुजबुजले. "कोंबड्यांच्या खाद्याचा निळा ट्रक तुमच्याकडे येतोय. पोत्यांत पुड्या आहेत. आमच्या मोठ्या साहेबानं न तपासताच सोडलाय. तुमच्याकडेही त्यांचं कुणीतरी आहे. मी सांगितलं असं कुठं कळलं ना, तर माझं काही खरं नाही. पण माझा तरणाताठा पुतण्या या विषानं गेलाय हो. गप्प बसवत नाही."

तेवढ्यात साहेब दारात उभे. "कुणाचा फोन?"

"लाइन तपासतायत, सर."

"द्या इकडे." साहेबांनी रिसीव्हर हिसकावून कानाला लावला. काका घाबरून काही भलतंच बोलले तर?

"हॅलो! हॅलो! येतंय का ऐकू?" काका मोठ्याने ओरडले. "तुमचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतोय, जरा मोठ्यानं बोला!"

साहेबांनी वैतागून मला आदळलं आणि ते चहाला निघून गेले. वा रे काका!

पण खरी पंचाईत पुढेच होती. मॅडमनी नेमका तोच ट्रक अडवला असता, तर फोन कुणी केला हे शेंबड्या पोरानेसुद्धा ओळखलं असतं. आणि सोडला, तर विष घरोघरी गेलं असतं.

आमच्या चौकीत एक पद्धत होती. माझ्या शेजारीच गोट्यांचा एक डबा असायचा. प्रत्येक ड्रायव्हरने न बघता त्यातून गोटी काढायची. पांढरी निघाली तर पुढे जा, लाल निघाली तर अख्खा ट्रक रिकामा करून तपासणी. कुणावर मेहेरबानी नको, म्हणून ही सोय. मॅडमनी दाराकडे एक नजर टाकली. भराभर सगळ्या पांढऱ्या गोट्या काढून खणात टाकल्या आणि डब्यात फक्त लाल ठेवल्या.

झालं! कांद्याचा ट्रक लाल. प्लास्टिकच्या खुर्च्यांचा लाल. बिस्किटांचा लाल. उन्हात माल उतरवता उतरवता ड्रायव्हर करवादले, "काय हो मॅडम, आज सगळ्यांचंच नशीब फुटलंय का?" रांग पुलापर्यंत गेली. साहेब धावत आले, घड्याळ बघत येरझाऱ्या घालू लागले.

शेवटी निळ्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीशी आला. त्याने डब्यात हात घातला, बाहेर काढला, मूठ उघडली.

पांढरी गोटी!

"चला, जाऊ द्या याला," साहेब लगेच म्हणाले.

मॅडम क्षणभर त्या गोटीकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी डबा उचलला आणि टेबलावर पालथा केला. लाल, लाल, सगळ्या लाल. काही घरंगळत माझ्या अंगावर आल्या.

"आज सगळ्याच गाड्या तपासायच्या म्हणून मी डब्यात पांढरी ठेवलीच नव्हती," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ती पांढरी गोटी त्याच्यासमोर धरली. "ही कुठून आली? ही तुला दिली कुणी?"

ड्रायव्हरने साहेबांकडे पाहिलं. एकदाच. पण खिडकीबाहेर घामाने निथळणाऱ्या सगळ्यांनी ते पाहिलं. "आमचे ट्रक उघडले, याचा का नाही? उघडा! उघडा!" असा गलका झाला. आता साहेबांची काय बिशाद होती? पोती फुटली आणि खाद्याबरोबर पुड्या जमिनीवर सांडल्या. काकांचं नाव कुठेच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला उचललं, तेव्हा पलीकडे परकाच आवाज होता. "ते आले नाहीत," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. पुढेही तेच. मॅडमना चहा गोड लागेना. मीही तारेला कान लावून बसलो होतो.

मग दोन्ही देशांचे अधिकारी मिळून आमच्याच चौकीत, शेजारच्या खोलीत चौकशीला बसले. आमच्या साहेबांचं बिंग फुटलं होतं, पण पलीकडचे मोठे साहेब कबूलच होईनात. अशात एका सकाळी साध्या कपड्यातले एक गृहस्थ गुडघे धरत पूल चालून आले.

"पाणी मिळेल का, मॅडम?"

तो आवाज ऐकला आणि मॅडम ताडकन उठल्या. "काका!"

"घाबरून घरात बसलो होतो, पोरी," ते म्हणाले. "बायको म्हणाली, तारेवरून बोललात, आता समोर जाऊन बोला. कुठं बसलेत ते चौकशीवाले? माझी साक्ष माझ्या नावानं घ्या म्हणावं."

त्या खोलीत त्यांनी आपलं नाव मोठ्याने सांगितलं. मी ते ऐकलं, पण तुम्हाला सांगणार नाही. ते सांगायचा हक्क फक्त त्यांचा.

आता माझ्या जागी नवी यंत्रं आली आहेत आणि मी कपाटावर पडून आहे. त्याचं मला दुःख नाही. मात्र मित्रांनो, एक विनंती आहे. चोर दोन्ही काठांवरून रोज एकमेकांशी बोलतात, मग भल्या माणसांनी का गप्प बसावं? तुम्हीही उद्या मोठे व्हाल, अशाच एखाद्या खुर्चीवर बसाल. पलीकडून कुणी जीव मुठीत धरून काही सांगू लागला, तर त्याला ताटकळत ठेवू नका. त्याचं ऐका, आणि तो स्वतःहून सांगेपर्यंत त्याचं नाव जिभेवर येऊ देऊ नका.