पाय तुझा चुकतोय

दुरुस्तीच्या दुकानातल्या त्या माणसाला अख्खी गल्ली डॉक्टर म्हणायची. डिग्री नव्हती, मिजास मात्र डिग्रीवाल्यांच्या वरताण! व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे हात आता उरलेत किती? त्यामुळे गिऱ्हाईक चार शब्द ऐकून घ्यायचं आणि गप्प बसायचं. पोटची मुलगीसुद्धा वर्षभर ऐकून घेत होती.

ती गिटार वाजवायची. तिच्या अ‍ॅम्पला दोन चॅनेल, एक स्वच्छ, एक गरजणारं. पायाखालचं बटण दाबलं की आतला रिले, म्हणजे काडेपेटीहून लहान अशी एक डबी, टक् करून चॅनेल बदलतो. वर्षापूर्वी बापाने हा रिले नवा बसवला आणि तेव्हापासून भर गाण्यात बटण दाबलं तरी चॅनेल बदलेना. चारदा तिने अ‍ॅम्प आणला. चारही वेळा डॉक्टरने त्याचा सांगाडा लाकडी खोक्यातून बाहेर काढला, टेबलावर उलटा ठेवला, पाच मिनिटं वाजवून बघितला. टक्, टक्, सगळं सुरळीत!

"अ‍ॅम्प ठणठणीत आहे," तो म्हणायचा. "पाय तुझा चुकतोय."

दोन बँडनी तिला घरी बसवलं. आज चार वाजता तिसऱ्या बँडपुढे वाजवून दाखवायचं होतं.

"बाबा, आज फसलं तर मी गिटार सोडणार," दुपारी अ‍ॅम्प टेबलावर ठेवत ती म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं. इतक्या शांतपणे म्हणाली की डॉक्टरने हातातलं दुसरं काम बाजूला सारलं.

मग सुरू झाली धावाधाव. बटण बदललं, वायर बदलली, व्हॉल्व्ह बदलले. दोन वाजले. टेबलावर अ‍ॅम्प आपला शहाण्या मुलासारखा टक् टक् करतोय.

"मीटर काय म्हणतोय?"

"सगळं बरोबर."

"म्हणजे पायच ना?"

नेहमीचं उत्तर डॉक्टरच्या ओठांवर आलं होतं. तिचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. "नेमकं कधी होतं गं?" त्याने विचारलं. पहिल्यांदाच, बरं का!

"कितीदा सांगितलं! तिसऱ्या-चौथ्या गाण्याला. चांगला तापल्यावर. टेबलावर कधीच नाही."

तापल्यावर! अहो, व्हॉल्व्ह म्हणजे चुलीच. खोक्यात बंद असताना आतलं सगळं भाजून काढतात. उघड्या टेबलावर पाच मिनिटांत काय डोंबल तापणार? डॉक्टरने कपाळावर हात मारला, अ‍ॅम्प पुन्हा खोक्यात बसवला आणि तिला वाजवायला लावलं. तीन वाजता तिने बटण दाबलं. टक् नाही. पुन्हा दाबलं. नाही!

त्याने प्लग काढला, आत साठलेला करंट उतरवला, तापलेला सांगाडा बाहेर ओढला. बोटं भाजली, त्याचं त्याला भान नव्हतं. भिंगाखाली रिलेच्या एका धातूच्या पायाभोवती केसाएवढी चीर दिसली. थंड असताना मिटायची, तापली की उघडायची. सोल्डर, म्हणजे जोडाचं वितळवलेलं कथील, घाईत लावलेलं, राखाडी, निस्तेज. कुणाचं काम म्हणून शिव्या घालायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

जुनं सोल्डर काढलं, नवं लावलं, सांगाडा गरम होता तोवरच खोक्यात बसवला.

"सापडलं?"

"सापडलं. माझं सोल्डर होतं." "तुझा पाय कधीच चुकला नव्हता, पोरी. एकदाही नाही. चुकलं माझं."

ती गिटार उचलून वाजवू लागली. चॅनेल बदललं. पुन्हा बदललं. दहापैकी दहा वेळा टक्! पण प्रत्येक वेळी दाबायच्या आधी ती थांबायची, मान खाली घालून पायाकडे बघायची, अंधारात पायरी चाचपावी तसा अंगठा बटणावर टेकवायची आणि मग दाबायची. गाणं तोवर पुढे गेलेलं असायचं.

"बघू नकोस गं पायाकडे. होतंय बरोबर."

"हो."

पुढच्या वळणावर तिने पुन्हा बघितलं. चार वाजायला पंचवीस मिनिटं उरली होती.

"आणखी एकदा वाजव, राजा," डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणाला.

तिने वाजवलं, बटण दाबलं आणि खाली बघतच विचारलं, "बाबा, आत्ताचा पाय बरोबर पडला का?"