अकरा कुंड्या आणि एक तीट

सूरजने शेवटी एकच गुलाब वाचवला आणि तो नेमका आईचा नावडता निघाला.

हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजावं. तसं काहीही झालेलं नाही. नोव्हेंबरचा पहिला आठवडा आहे, धायरीतल्या एका सहा मजली इमारतीच्या गच्चीवर अकराच्या अकरा कुंड्या जागच्या जागी आहेत, आणि सूरज संपत पोकळे, वय सव्वीस, लिफ्टपाशी उभा राहून नोटीस वाचतो आहे.

'गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम सोमवारी सुरू होईल. सर्व कुंड्या रविवारपर्यंत हलवाव्यात. न हलवल्यास त्या कचरा समजल्या जातील. या विषयावर भावनिक चर्चा करू नये.' खाली सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब यांची सही. सहीखाली वेगळ्या पेनाने : 'चर्चेसाठी बेल वाजवू नये.'

सूरजने बेल वाजवली.

"नोटीस वाचलीत का?" साखळी पुरेल तेवढंच दार उघडून रावसाहेबांनी विचारलं.

"वाचली, काका. आईचे गुलाब आहेत वर. अकरा."

"कौशल्याबाई गेल्या, वाईट झालं. मी भेटायला आलो होतो."

"हो, आला होतात."

"चहा नको म्हणत होतो, तरी दिलात." रावसाहेब जरा थांबले. "कुंड्या घरात न्या."

"बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे. फार तर एक मावेल."

"मग एक न्या. उगाच घोळ कशाला घालताय?" असं म्हणून त्यांनी घोळ मिटवला आणि दारही.

आईचे सगळे गुलाब जांभळे. लाल गुलाब तिला देवळाबाहेरचे वाटायचे, गुलाबी लग्नाच्या हॉलमधले, आणि पिवळ्यांबद्दल ती बोलतच नसे. जांभळ्यात मात्र तिला अकरा वेगळे रंग दिसत. एक कोकम सरबताचा, एक जांभूळ खाल्लेल्या जिभेचा, एक वांग्याचा, एक राख कालवल्यासारखा फिकट. जेवताना ती हे सगळं सांगायची आणि सूरज एका कानातला इयरफोन काढून ऐकायचा. त्यामुळे त्याला रंग अर्धेच माहीत होते.

दर हिवाळ्यात एकदा ती म्हणायची, "आज माझा तो उमलला." सूरज म्हणायचा, "वा." 'तो' म्हणजे कोणता, हे विचारायला त्याला सात हिवाळे मिळाले होते. सातही वेळा त्याची मीटिंग होती. आता आईला जाऊन दोन महिने झाले होते आणि त्याला तो एक गुलाब हवा होता. बाकी जगाकडून त्याची काही मागणी नव्हती.

फुलं बघून ठरवावं तर फुलं नव्हती. ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी करतात. यंदा ती सूरजने व्हिडिओ बघून केली होती आणि सगळी झाडं एका उंचीवर आणली होती. गच्चीवर आता काट्यांचे अकरा जुडगे उभे होते, शाळेच्या पहिल्या दिवशी हजामत करून आणलेल्या पोरांसारखे.

नातेवाइकांना विचारून झालं. आत्याकडे ऊन नव्हतं. मामाकडे ऊन होतं, पण मामीही होती. ऑफिसातल्या तनुजाने "सो सॉरी यार" म्हणून एक रडका चेहरा पाठवला, त्याला पाणी घालावं लागत नव्हतं.

"बाबा, आईचा आवडता गुलाब कोणता?"

संपतराव मार्केट यार्डातल्या एका गाळ्यावर तीस वर्षं कांदा तोलून निवृत्त झाले होते. गुडघ्यांमुळे ते गच्चीवर जात नसत. आता जिन्याचं नावही काढत नसत.

"सगळे जांभळेच," ते म्हणाले.

"त्यातला कोणता?"

"तुला कांदा दाखवला तर सांगशील का कुठल्या शेतातला?"

"नाही."

"मग."

शनिवारी तो सिंहगड रस्त्यावरच्या नर्सरीत गेला. आई झाडं तिथूनच आणायची. नर्सरीच्या आनंदीबाई कलमं बांधत बसल्या होत्या.

"कौशल्याताईचा पोरगा न्हवं तू? लई वाईट झालं बग. एक झाड लई लाडकं व्हतं तिचं."

"कोणतं?"

"आता ते कुनी सांगत असतंय व्हय? नजर लागती. मलाबी न्हाई सांगितलं." आनंदीबाईंनी दाताने सुतळी तोडली. "पन मीच शिकीवलं व्हतं तिला. लाडक्या झाडाच्या कुंडीला मागच्या अंगाला काजळाची तीट लावायची. लेकराला लावत्यात तशी. जा, कुंड्या फिरवून बग. असंल तिथंच."

सूरज खरं तर आनंदाने उडालाच असता. पण त्याला गेरू आठवला.

गणपतीत आई हॉस्पिटलमध्ये होती. अठरा दिवस. ती घरी येईल तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून सूरजने एका सुटीच्या दिवशी सगळ्या कुंड्या गेरूने रंगवल्या होत्या. पुढून, मागून, काठासकट. आयुष्यात पहिल्यांदा त्याने घरातलं एक काम अर्धवट सोडलं नव्हतं. फोटोही पाठवला होता तिला. तिचं उत्तर आलं होतं, 'छान. मागूनसुद्धा रंगवल्यास का?' त्याने अंगठा पाठवला होता. त्यावर तिने काही लिहिलं नाही. ती शाबासकी नव्हती हे त्याला आत्ता, नर्सरीत, शेणखताच्या पोत्याला टेकल्यावर कळलं.

घरी येऊन तो बादली आणि तारेचा ब्रश घेऊन थेट गच्चीवर गेला. सूरज कंपनीत टेस्टर होता. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा त्याला पगार मिळे. 'आधी एकावर करून बघा, मग सगळ्यांवर करा,' हे तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा. त्याने अकराही कुंड्या एका दमात घासल्या. लाल पाणी गच्चीभर पसरलं. गेरूखालची माती वर आली, स्वच्छ, कोरी, कुंभाराकडून आत्ता आणल्यासारखी. अकरावी कुंडी धुऊन झाल्यावर त्याने ब्रशाकडे पाहिलं. ब्रश काळा झाला होता.

कधी झाला, कोणत्या कुंडीला झाला, ते त्याने बघितलं नव्हतं. काळं म्हणजे काजळ, की मागच्या बाजूचं शेवाळ, हेही सांगता येत नव्हतं. त्याने ब्रशाचा वास घेतला. ब्रशाला ब्रशाचा वास येत होता.

आईची खूण त्याने दोनदा पुसली होती, दोन्ही वेळा तिच्यासाठीच.

रविवारी सकाळपर्यंत तो कुंड्यांसमोर बसून होता, आणि मग त्याला एक गोष्ट दिसली. कोपऱ्यातल्या एकाच झाडाला बांबूचा आधार होता. तो आईच्या जुन्या साडीच्या काठाने बांधलेला होता. बुडाशी नारळाच्या शेंड्या अंथरल्या होत्या, कुंडीखाली दोन फरशा. बाकी दहांना यातलं काहीही नव्हतं. एवढे लाड कोण कुणाचे करतं? सूरजने ती कुंडी उचलली आणि खाली आणली. वॉशिंग मशीनशेजारी ती बरोबर बसली. दुपारी बागेचा कचरा नेणारी गाडी आली आणि दहा कुंड्या घेऊन गेली. गाडीवर स्वच्छतेचं गाणं वाजत होतं.

डिसेंबरात फूल उमललं. फिकट जांभळं, कडेला राखाडी. सूरजने बाबांना हाक मारली. संपतराव भिंत धरत बाल्कनीत आले, फुलाकडे बघत राहिले.

"हा कुठून आणलास?"

"आईचा आवडता. गच्चीवरून."

"अरे, हा माझा. गाळ्यावरनं निरोप देताना शाल, नारळ आणि हे झाड दिलं होतं. हिला अजिबात आवडायचा नाही. म्हणायची, फिनेलचा वास येतो."

"मग त्याला आधार, साडीचा काठ..."

"सारखा मरायला टेकलेला असायचा. नवऱ्याचा म्हणून टाकताही येईना तिला. वैतागायची, पण करायची." ते वाकले, वास घेतला. "येतोच रे फिनेलचा." मग ते भिंत धरत आत गेले.

सूरज मशीनवर वही ठेवून लिहायला बसला. अर्ज कसा लिहायचा हे त्याला शाळेत शिकवलं होतं.

'प्रति, मा. सेक्रेटरी. विषय : गच्चीवर प्रवेश मिळणेबाबत.

महोदय, आपल्या सूचनेनुसार आम्ही प्रति सदनिका एक कुंडी राखली आहे. तथापि निवडीत चूक झाल्याचे आढळून आले आहे. तरी आमच्या सदनिकेच्या सहमालक कै. सौ. कौशल्या संपत पोकळे यांना गत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी गाडी येण्यापूर्वी, फक्त दहा मिनिटांसाठी गच्चीवर येऊन बोट दाखवण्याची परवानगी मिळावी. त्या कोणतीही भावनिक चर्चा करणार नाहीत. लिफ्ट बंद असल्यास जिन्याने येतील. वॉचमनने त्यांना गेटवर अडवू नये, ही नम्र विनंती.'